त्रेसष्ट कोऱ्या पट्ट्या

भिंगरीनं पट्टी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, चारी कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, ह्याच्यावर काहीच नाही."

पट्टीवर ठसठशीत 'मगर' लिहिलेलं होतं. आदल्याच दिवशी, रविवारी, बाईनं खिडकीशी टेबल ओढून, रुंद टोकाच्या लेखणीनं, श्वास रोखून काढलेली अक्षरं. अशा त्रेसष्ट शब्दपट्ट्या. जुना संच पंधरा वर्षांचा, कडा कुरतडलेला, मळून काळा पडलेला. शनिवारी मोठ्या बाई वर्गाचं वाचन ऐकायला बसणार, त्यांच्या हातात असली घाण कशी द्यायची, म्हणून तिनं शब्द तेच ठेवून सगळा संच नव्यानं लिहिला होता आणि जुना कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं फेकला होता. मान आखडली होती, पण स्वतःच्या अक्षराकडे बघून बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं होतं. आणि आता वर्गातली सगळ्यांत तरतरीत पोरगी, एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, ती त्या अक्षरांकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

"चावटपणा पुरे. वाच."

"काय वाचू? कोरी आहे."

"मगर आहे ती, शहाणे. म, ग, र."

भिंगरी हसली. बाई गंमत करतायत असं तिला वाटलं असावं. "मगरीचा कान दुमडलेला असतो बाई. हा, वरचा. हिचा कुठं दुमडलाय?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बदकावर चहा सांडलेला असतो!" मग सगळ्यांनाच चेव आला. नळाला चिकटपट्टी लावलेली असते. छत्रीला भोकं असतात. कपाटाला कुणीतरी चावलंय. घराला वास येतो, कसला ते माहीत नाही, पण येतो. बावीस पोरं हात वर करकरून सांगत होती, मी सांगू, मी सांगू, आणि एकही जण काही लपवत नव्हता. त्यांना वाटत होतं बाईंना हे ठाऊकच आहे. बाईंनीच तर हे शिकवलं. ह्यालाच वाचणं म्हणतात.

तिनं फळ्याच्या कडेला हात टेकला. जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं तिला झालं. मुलांना तिनं चित्र काढायला बसवलं आणि खुर्चीत बसून राहिली. पंधरा वर्षं ती एकच रीत चालवत होती आणि त्या रीतीचा तिला माज होता. घोकंपट्टी नाही, छडी नाही. आधी आवाज, मग अक्षर, मग शब्द. पोरानं पट्टी धरायची, अक्षराखाली बोट ठेवायचं, एकेक आवाज सुटा काढायचा, म, ग, र, आणि मग तीन आवाज एकत्र ओतायचे: मगर! वर्गानं टाळ्या वाजवायच्या. बोट अगदी बरोबर सरकायचं. आवाज अगदी बरोबर सुटायचे. आता बसल्या बसल्या तिला कळत होतं की शब्द एकदा ठाऊक असला की त्याचे तुकडे तोंडातल्या तोंडात पडतात, त्याला डोळे लागत नाहीत. कान दुमडलेला दिसला की मगर, मगर म्हटलं की म, ग, र, आणि बोट आपलं तालावर. आंधळ्यालाही जमेल. पुस्तक तर काय, पोरांना पहिल्या महिन्यातच पाठ होतं. तिनं कान शिकवले होते, बोटं शिकवली होती, टाळ्या शिकवल्या होत्या. वाचन कुणी शिकलंच असेल तर घरी शिकलं असेल. कोण, ते तिला सांगता आलं नसतं.

वरच्या मजल्यावरचे शिक्षक दरवर्षी म्हणत, खालून पोरं कच्ची येतात. ती दरवर्षी म्हणे, सुट्टीत विसरतात हो, घरी कुणी बघत नाही. हे वाक्य ती इतक्या ठामपणे म्हणायची की आया ओशाळून मान खाली घालायच्या. त्या खाली गेलेल्या माना आता एकामागून एक समोर येऊ लागल्या. प्रशिक्षणाला जायची तेव्हा तिथली झुळझुळीत साडीतली तज्ज्ञ हातात कापडी बाहुली घालून सांगायची, मूल हे फूल आहे, त्याला फुलू द्या. दुपारी जेवून सगळ्या पेंगायच्या. कुणी म्हटलं नव्हतं की बाई, तुमच्या पट्ट्या मळल्यात, त्या बदला. एवढं एक शहाणपणाचं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं असतं तर बाहुल्यांचा खर्च सत्कारणी लागला असता.

आणि औषधाच्या दुकानातली ती मुलगी. ती बाईचीच विद्यार्थिनी, आता अठरा-एकोणीसची, कपाटातून खोके काढून देण्याच्या कामावर. बाईला बघितलं की खुशीत यायची, "बाई, बसा ना!" म्हणायची, आणि चिठ्ठी हातात घेऊन ती न बघताच विचारायची, "निळ्या झाकणाची ना बाई? की ती उभी लाल बाटली?" बाईला ते कौतुकाचं वाटे. केवढं लक्षात ठेवते, म्हणायची. एकदा तर मालकासमोर म्हणाली होती, आमच्या हाताखालची आहे, वाया कशी जाईल. मुलगी तेव्हा हसली होती, पण लगेच पाठ फिरवून उगाचच वरचं खोकं खाली काढू लागली होती. ती पाठ आता दिसत होती. झाकणाचा रंग बदलला, कंपनीनं निळ्याचं हिरवं केलं, की त्या दुकानात काय होईल? कुणाच्या पोटात काय जाईल? समोर बावीस पोरं घरं रंगवत होती, आणि सगळ्यांच्या घराला त्यांनी दार काढलं होतं पण दारावरची पाटी कुणी काढली नव्हती.

ती स्वतः कशी शिकली होती ते तिला लख्ख आठवत होतं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ती शिडी धरून खाली उभी राहायची, आणि वरून ते बोलत राहायचे: हे बघ, ह्याचं पोट इकडं, ह्याची पाठ तिकडं, ह्याच्या पायात काठी. ती नुसती हो म्हणायची. अक्षरं तिला तेव्हा माणसांच्या गर्दीसारखी वाटायची, सगळी अनोळखी. मग एका दुपारी, बाबांच्या सायकलवर मागं बसून घरी येताना, एक पाटी अचानक बोलली. लोहार का सुतार, काहीतरी होतं. पाठोपाठ दुसरी बोलली, तिसरी बोलली, सगळा रस्ता एकदम बडबडायला लागला आणि तिला तो गप्प करता येईना. ती घाबरून बाबांच्या पाठीला चिकटली होती. त्या दिवसापासून मुकी पाटी तिनं पाहिली नाही. डोळे उघडे असले की वाचणं आपोआप होतंच, श्वासासारखं. शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, मी पाट्या लिहितो, तू त्या वाचणारी माणसं करशील, तुझं काम मोठं. ते तेवढ्याच समजुतीत गेले. बरं झालं. पण पोरांच्या बाबतीत ती दुपार कधी येते, तिच्या वर्गात ती कुणावर आली का, हे पंधरा वर्षांत तिनं एकदाही बघितलं नव्हतं. ती वहीत खूण करत होती. दोन रकाने: वाचते, वाचत नाही. वहीचं पान भरलं की तिला शांत झोप लागायची.

मंगळवारी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अक्षर फळ्यावर मोठं काढलं, त्याचं पोट दाखवलं, पाठ दाखवली. पोरं पोटाला हसली. मग घाबरली. आपल्याला येत होतं ते बाईंनी काढून घेतलं एवढंच त्यांना समजलं होतं. बुधवारी एक पोरगी पट्टी नाकाशी नेऊन हुंगत बसली, दुसरीनं विचारलं, "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात का?" आणि रडायला लागली. दोन दिवसांत दोन अक्षरं झाली, तीही सकाळची संध्याकाळपर्यंत टिकली नाहीत. शनिवार तसाच उभा होता. शनिवारी मोठ्या बाई खुर्ची टाकून बसणार, वर्गाच्याच संचातल्या पाच पट्ट्या एकेका पोरासमोर धरणार. पोरांना परकं वाटू नये म्हणून वर्गाचाच संच, हा नियम त्यांनीच केला होता. तीन आल्या तर मूल वरच्या मजल्यावर. नाही आल्या तर मागच्या खोलीत. मागची खोली जिन्याखाली होती, मोडक्या बाकांची, ज्या दिवशी जो शिक्षक मोकळा असेल तो तिथं जाऊन बसायचा, आणि कुणी मोकळा नसेल तर पोरं बाहेरून कडी लावून बसवायची. तिथून वर गेलेलं मूल बाईनं पाहिलं नव्हतं. तिथून मुलं थेट बाहेर जात, हाताला काम पेलण्याइतकी झाली की.

गुरुवारी शाळा सुटताना भिंगरीची आई दारात आली. लाँड्रीत इस्त्रीवर होती. ओठावर घाम, मनगटावर जुन्या चटक्याचे पट्टे.

"बाई, पोरगी जेवत नाही. म्हणते बाईंनी पट्ट्या धुऊन टाकल्या."

"धुतल्या नाहीत. नव्या केल्या."

"मग जुन्या द्या की परत. एवढं काय त्यात!"

"जुन्या नाहीत आता. आणि भिंगरीची आई, एक सांगायचं होतं. तिला वाचता येत नाही."

आई हसली. "मागच्या आठवड्यापर्यंत येत होतं, ते काय उंदरानं नेलं? ह्याच दारात उभं राहून तुम्हीच म्हणालात ना, पोरगी तुमची फाडफाड वाचते? मी जाताना चार जणींना सांगत गेले. आमच्या खानदानात पहिलीच म्हणून."

"माझं चुकलं."

"तुमचं चुकलं तर मागच्या खोलीत तुम्ही बसा."

मग बाईनं सांगितलं, दुमडलेला कान, चहा, भोकं, सगळं. सांगताना तिला वाटत होतं आता ही कपाळ बडवून घेईल. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हां, मग? मी काय वेगळं करते? शंभर घरांचे कपडे येतात. एकाचं नाव मला वाचता येत नाही. कॉलरीत दोन लाल टाके असले की डॉक्टर, एक काळा असला की कोपऱ्यावरचे म्हातारे. वीस वर्षांत एक शर्ट इकडचा तिकडं गेला नाही. मीच शिकवलंय तिला, नीट बघायचं म्हणून. ती बघते. त्यात तिचा काय गुन्हा?"

"वर गेल्यावर उघडं पडेल हो. तिथं धडे असतात. कान दुमडलेले नसतात."

"पडेल तेव्हा पडेल. तोवर वर गेलेली तर असेल! बाकावर बसेल, डबा खाईल, चार चांगल्या पोरींत मिसळेल. पुढचं पुढं." आईचा आवाज खाली आला. "थोरलीला तुम्हीच मागं बसवलंत, सात वर्षं झाली. मी काही बोलले? तेरा वर्षांची आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर उभी असते. तिचे हात बघायला या एकदा. ही पण आली, की तिसरं टेबल घालायला जागा नाही आमच्याकडं. एवढं बघा म्हणजे झालं."

ती निघून गेली. खरं सांगणं किती सोपं असतं, दुसऱ्याच्या पोरीला मागच्या खोलीत बसायचं असलं की. मोठ्या बाईंकडे जावं, सगळं ओकून मोकळं व्हावं, असं तीन दिवस बाईच्या मनात येत होतं. गेली तर काय होईल तेही दिसत होतं. मोठ्या बाई कपाळाला आठ्या घालतील, हिला बाजूला करतील, चौकशी होईल, चौकशीत चहा होईल, आणि बावीस पोरं जिन्याखाली जातील. तिचं मन हलकं व्हायला बावीस पोरं. हा सौदा स्वच्छ आहे असं म्हणणारे लोक असतात. ते स्वतः वरच्या मजल्यावर शिकलेले असतात.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिनं शिपाई मावशीला मोठा कप भरून चहा आणायला सांगितला. "एवढा? पित्त होईल बाई." "होऊ दे." दार लोटून घेतलं, नव्या पट्ट्यांची चळत समोर ठेवली आणि मगरीचा वरचा कान दुमडला. जाड कोऱ्या पुठ्ठ्यानं कट्ट असा आवाज केला. स्वतःच्या लेकराचं बोट मोडावं तसं तिला झालं, पण ते झालं. बदकावर चहा. कुठं पण? वर, खाली? किती? नळाची चिकटपट्टी डावीकडं की उजवीकडं? तिला आठवेना. तिनं डोळे मिटले, पट्टी समोर आणायचा प्रयत्न केला, आणि समोर आला तो नळ हा शब्द, स्वच्छ, बिनडागी. पंधरा वर्षं त्या पट्ट्या तिच्या हातात होत्या, रोज, आणि त्यातला एक डाग तिनं पाहिला नव्हता. तिला अक्षरंच तेवढी दिसत आली होती. ह्या खोलीत एकमेकांसमोर बसून ती आणि पोरं एकाच पट्टीकडे बघत होती आणि दोघांना दोन वेगळ्या वस्तू दिसत होत्या, आणि दोघं एकाच वेळी आनंदानं ओरडत होते, मगर!

आई इस्त्रीवरून सुटेपर्यंत भिंगरी रोज पायरीवर बसून असे. बाईनं दार उघडून तिला आत बोलावलं.

"मला मदत करशील? जुन्यासारख्या करायच्यात."

भिंगरीचं तोंड असं उजळलं की बाईनं दुसरीकडं बघितलं. पोरगी टेबलावर गुडघे टेकून चढून बसली. बाई पट्टी धरायची आणि शब्द सांगायची, भिंगरी खूण सांगायची.

"हे काय आहे?"

"नळ."

"नळाला इकडं. पिवळी चिकटपट्टी. तिरकी. एवढीच."

"आणि ही छत्री."

"दोन भोकं. टाचणीची. एक छोटं. असं नाही बाई! जवळ जवळ. डोळ्यांसारखी."

"हे बदक."

"चहा गोल नाही सांडलेला, लांबट. शेपटी असते त्याला. घाई नका करू. नीट बघून करा." हा सूर बाईचाच होता, हुबेहूब, घाई नको, नीट बघ, आणि डाग मनासारखा पडला तेव्हा भिंगरीनं "शाबास" म्हणून टाळी वाजवली. बाई करत गेली. कडा दाताखाली घेतल्या, कोपरे जमिनीवर घासले, 'घर' तेलकट बोटांत चुरगळलं. एकाही पट्टीला पोरगी अडली नाही. सहा वर्षांच्या डोक्यात त्रेसष्ट डाग, त्यांच्या जागा, त्यांचे आकार, शेपटीसकट. असलं डोकं बाईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे डोकं अक्षरांना महिन्याभरात खाऊन टाकेल, कुणी नुसतं समोर बसून दाखवलं तर. हे मनात आलं आणि तिनं चहात बोट बुडवलं.

चाळिसेक पट्ट्या झाल्या असतील. भिंगरी मध्येच थांबली. राहिलेल्या चळतीतली एक पट्टी तिनं ओढून घेतली आणि बाईसमोर धरली.

"हे काय?"

"खडक."

तिनं दुसरी धरली. "आणि हे?"

"आरसा."

भिंगरीनं ती पट्टी उलटी केली. उजेडात धरली. हुंगली. कडेवरून नख फिरवलं. मग तिनं मान वर करून बाईकडे बघितलं, जादूगाराच्या रिकाम्या हाताकडे बघावं तसं, आणि पहिल्यांदाच एकदम स्थिर झाली. पाय हलत नव्हते, वेणी हलत नव्हती.

"बाई, ह्याच्यावर तर अजून काहीच नाही. मग तुम्हाला कसं कळतं?"

बाईच्या हातात टाचणी होती. पंधरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि ह्या एका प्रश्नापलीकडे शिकवण्यासारखं काही नसतं हे तिला त्या क्षणी कळलं. बोट धरायचं, त्या 'आ'च्या पोटावर ठेवायचं, दुसऱ्या पट्टीवरचा 'आ' शोध म्हणायचं. सापडला असता. पोरीनं अर्ध्या तासात फडशा पाडला असता. पण वीस-बावीस पट्ट्या राहिल्या होत्या, मावशी वरच्या मजल्याची दारं आपटत खाली येत होती, उद्या सकाळी आठला खुर्ची पडणार होती, आणि ह्या पोरीशिवाय आणखी एकवीस होती.

"शनिवार होऊ दे. मग सांगते."

"नक्की?"

"नक्की. आरशाला काय असतं सांग आधी."

"आरशाला ओरखडा. आडवा."

शनिवारी बावीसच्या बावीस पोरं वर गेली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. भिंगरीनं पाचपैकी पाच वाचल्या, बोट सरकवत, आवाज सोडत, आणि मोठ्या बाईंनी पट्टी हातात फिरवून बघितली. "नव्या केल्यात ना? आठवड्यात किती हाताळल्यात पोरांनी! मेहनत दिसते हो." बाई हो म्हणाली. आईनं दारातून नुसते हात जोडले.

सोमवारी नवी पोरं यायच्या आधी ती जिन्यात जाऊन उभी राहिली. वरच्या मजल्याची रांग चढत होती. भिंगरी सगळ्यांच्या मध्ये, नवं दप्तर, कुणाशी तरी ढकलाढकली. बाईनं तिचा दंड धरून बाजूला घेतलं.

"मी तुला सांगणार होते ना. मला कसं कळतं ते."

"काय?"

"पट्टीवर काही नसताना. तू विचारलं होतंस."

भिंगरीला आठवायला थोडा वेळ लागला. मग ती हसली, मोठ्या माणसानं समजूत काढावी तशी. "ते होय! ते मला कळलं बाई. तुम्हीच केल्यात ना त्या. म्हणून तुम्हाला पाठ असतात." आणि दंड सोडवून घेऊन ती दोन दोन पायऱ्या चढत वर पळाली.